उभ्या मोटारीची निगा : टाळेबंदीच्या चैत्राने दिलेला धडा

नांगरणीने शिणलेला बैल चार दिवस गोठ्यात बांधला आणि त्याला वैरण-पाणी वेळेवर मिळाले, तर तो ताजातवाना होऊन पुन्हा जुवाखाली मान देतो. यंत्राचे तसे नाही. मोटार, जीप, मालवाहू टेंपो किंवा ट्रॅक्टर महिना-दीड महिना एकाच जागी उभा राहिला, तर त्याला विसावा मिळत नाही. उलट त्याच्या कित्येक भागांची हानी चालूच राहते. चालत्या यंत्राची झीज कानाला ऐकू येते व हाताला जाणवते. उभ्या यंत्राची हानी मुकाट्याने होते, आणि नेमकी ज्या दिवशी गाडीची निकड लागते त्या दिवशी ती उघडकीस येते.

सन २०२० मध्ये गुढीपाडवा २५ मार्च रोजी आला. त्याच दिवसापासून कोविड-१९ या साथीच्या रोगास आळा घालण्यासाठी देशभर टाळेबंदी लागू झाली. प्रथम ती २१ दिवसांची, म्हणजे १४ एप्रिलपर्यंत होती. पुढे ती टप्प्याटप्प्याने ३१ मेपर्यंत वाढविण्यात आली. संपूर्ण चैत्र, संपूर्ण वैशाख आणि ज्येष्ठाचा आरंभ असा हा काळ होता. शेतीची कामे मात्र थांबविण्यात आली नव्हती. केंद्र शासनाच्या गृह मंत्रालयाने २७ मार्च रोजी शेतातील कामांना व अवजारे भाड्याने देणाऱ्या केंद्रांना, आणि ३ एप्रिल रोजी शेती-यंत्रे, त्यांचे सुटे भाग व त्यांची दुरुस्ती यांच्या दुकानांना सूट दिली. घरगुती मोटारींना व जीपगाड्यांना मात्र दारातच उभे राहावे लागले.

त्या दिवसांत एस. टी. बंद होती आणि भाड्याची वाहनेही सहसा मिळत नव्हती. अशा वेळी वाडीतील एखाद्या दारात उभी असलेली जीप ही त्या एका घराची राहत नाही. रात्री-अपरात्री बाळंतीण अडली किंवा कोणाला सर्पदंश झाला, तर तीच साऱ्या वाडीचा आधार असते. समजा, महिनाभर न हललेल्या त्या जीपची किल्ली फिरविली आणि इंजिनातून नुसता 'टक्' असा आवाज आला, तर पुढचा अर्धा तास फार महाग पडतो. हा प्रसंग टाळण्यासाठी मोठा खर्च लागत नाही. आठवड्यातून अर्धा तास, एक पान्हा, एक चिंधी व थोडी शिस्त एवढे पुरते.

ही माहिती केवळ साथीच्या रोगापुरती उपयोगी आहे असे नाही. अतिवृष्टीने रस्ता बंद होतो, घरात दीर्घ आजारपण येते, मुंबई-पुण्यास असलेल्या मुलाची मोटार गावी उभी राहते. गाडी दोन आठवड्यांहून अधिक काळ उभी राहणार असेल, तर पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्या.

गाडी कोठे व कशी उभी करावी

चैत्र-वैशाखात महाराष्ट्राच्या बऱ्याच भागांत दुपारचे उष्णतामान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. या उन्हात रबर, रंग व बॅटरी यांस इजा पोहोचते. म्हणून गाडीस सावली हवी. पण ती झाडाची नसून छपराची असावी. चैत्रात कडुनिंब व चिंच यांची वाळलेली पाने, फुलोरा व नवी पालवी यांचा कचरा सारखा गळत असतो. आंब्याखाली उभ्या केलेल्या गाडीवर मोहोरावरील तुडतुड्यांचा चिकटा पडतो. पक्ष्यांची विष्ठा व हा चिकटा उन्हात वाळला म्हणजे रंग खातो.

पुढील काचेच्या खाली, बॉनेटच्या कडेला पाणी वाहून जाण्यासाठी भोके असतात. ती गळलेल्या पानांनी बुजतात. उन्हाळ्यात त्याचे काही वाटत नाही. परंतु मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसात ते पाणी गाडीच्या आत, पायाखाली व विजेच्या तारांत शिरते. म्हणून ही भोके दर आठवड्यास हाताने साफ करावी. गाडी ताडपत्रीने घट्ट झाकू नये. आत दमटपणा कोंडून राहतो. जुनी सुती चादर किंवा हवा खेळती राहील असे आच्छादन बरे.

गाडी सपाट जमिनीवर उभी करावी. हातब्रेक ओढून महिनोन्‌महिने ठेवल्यास ब्रेकचे अस्तर पत्र्यास चिकटते व पुढे चाक फिरत नाही. त्याऐवजी गाडी गिअरमध्ये ठेवावी व चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे किंवा जड दगड लावावे. ट्रॅक्टरचा नांगर अथवा इतर अवजार उचललेल्या स्थितीत सोडू नये. ते जमिनीवर टेकवून ठेवावे.

बॅटरी

उभ्या गाडीचा पहिला घात बॅटरीत होतो. बॅटरी काही काम करीत नसली तरी तिच्यातील वीज आपोआप थोडी थोडी कमी होत असते, आणि उष्णतेने ही गळती वाढते. शिवाय आधुनिक मोटारीत घड्याळ, कुलपाची यंत्रणा इत्यादी साधने गाडी बंद असतानाही वीज घेत राहतात. वीज उतरलेल्या स्थितीत बॅटरी पडून राहिली, म्हणजे तिच्या शिशाच्या पट्ट्यांवर कठीण पापुद्रा धरतो. त्यानंतर ती कितीही चार्ज केली तरी पूर्वीची ताकद देत नाही.

बॅटरी सुस्थितीत आहे की नाही हे साध्या मोजमापाने कळते. गाडी काही तास बंद असताना १२ व्होल्टच्या बॅटरीचे माप सुमारे १२.६ व्होल्ट भरले, तर ती पूर्ण चार्ज आहे असे समजावे. १२.२ व्होल्टच्या सुमारास ती निम्मी उतरलेली असते. त्याखाली माप गेल्यास ती विनाविलंब चार्ज करावी. बॅटरीस पाणी घालण्याची बुचे असल्यास पाण्याची पातळी पट्ट्यांच्या वर असल्याची खात्री करावी. पातळी कमी असल्यास केवळ डिस्टिल्ड वॉटर घालावे. विहिरीचे अथवा नळाचे पाणी कदापि घालू नये, कारण त्यातील क्षार पट्ट्यांचा नाश करतात.

गाडी दोन-तीन आठवडे हलणार नसेल, तर बॅटरीची तार सोडून ठेवणे उत्तम. सोडताना ऋण तार, म्हणजे उणे खूण असलेली, आधी सोडावी. जोडताना ती शेवटी जोडावी. हा क्रम पाळला नाही व धन तार सोडताना पान्हा गाडीच्या पत्र्यास लागला, तर मोठी ठिणगी उडते. बॅटरीतून निघणारा हायड्रोजन वायू पेट घेणारा असल्यामुळे जवळ विडी ओढू नये व दिवा-काडी नेऊ नये. काही नव्या मोटारींत तार सोडल्यास घड्याळ व इतर मांडणी पुन्हा लावावी लागते. यासाठी गाडीबरोबर आलेले पुस्तक आधी वाचावे. टोकांवर जमलेली पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने पुसून काढावी, टोके कोरडी करावी व त्यांस पेट्रोलियम जेलीचा पातळ हात द्यावा.

येथे एक सामान्य गैरसमज सांगणे अगत्याचे आहे. रोज सकाळी पाच मिनिटे इंजिन चालू करून बंद केले म्हणजे गाडी नीट राहते, असे पुष्कळांस वाटते. वस्तुतः इंजिन सुरू करताना बॅटरीतून जेवढी वीज खर्च होते, तेवढी पाच मिनिटांत परत भरून येत नाही. शिवाय इंजिन पुरते तापत नसल्यामुळे जळणातून निर्माण झालेले पाणी वंगणात व सायलेन्सरमध्ये साचून राहते. म्हणून गाडी सुरू करायचीच असेल, तर आठवड्यातून एकदा वीस ते तीस मिनिटे प्रत्यक्ष चालवावी. निर्बंधांमुळे रस्त्यावर जाणे शक्य नसेल, तर आपल्या शेतात किंवा मोठ्या अंगणात फिरवावी. तेही शक्य नसेल, तर बॅटरी सोडून ठेवावी व इंजिन शांत राहू द्यावे. अर्धवट उपाय हा उपाय न करण्याहून वाईट.

बंद खोलीत किंवा दार लावलेल्या शेडमध्ये इंजिन कधीही चालू ठेवू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइड या वायूस वास नसतो, रंग नसतो. माणूस बेशुद्ध होईपर्यंत त्यास धोका कळत नाही.

चाके

टायरमधील हवा गाडी न चालताही हळूहळू कमी होते. कमी हवेवर गाडीचे सारे वजन एकाच जागी महिनाभर राहिले, तर टायरचा तेवढा भाग चपटा बसतो व पुढे गाडी हादरे देते. म्हणून उभी करतानाच हवा पूर्ण भरावी. योग्य दाब किती हे मोटारीत बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवर छापलेले असते. हवा टायर थंड असतानाच मोजावी. दर आठवड्यास गाडी हातभर पुढे-मागे ढकलावी, म्हणजे टायरची टेकलेली बाजू बदलते. दोन महिन्यांहून अधिक काळ गाडी उभी राहणार असेल, तर भक्कम ठोकळ्यांवर आधार देऊन चाकांवरील वजन काढावे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र कोणीही शिरू नये.

टायरवर थेट ऊन पडत असल्यास गोणपाट टांगावे. डिझेल, रॉकेल किंवा वंगण सांडलेल्या जमिनीवर टायर ठेवू नये. या पदार्थांनी रबर फुगते व कुजते. टायरच्या बाजूस चार आकडी खूण असते. पहिले दोन आकडे आठवड्याचे व पुढचे दोन वर्षाचे असतात. '२३१९' याचा अर्थ टायर सन २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. नक्षी चांगली दिसली तरी जुन्या टायरच्या बाजूंना बारीक भेगा पडलेल्या असू शकतात. त्या बोटाने चाचपून पाहाव्या. मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरहून कमी खोल राहिली असेल, तर पावसाळ्यापूर्वी टायर बदलणे भाग आहे.

इंधन, वंगण व पाणी

अर्धी रिकामी टाकी दिवसा तापते व रात्री निवते. त्यामुळे टाकीतील हवेतला दमटपणा पाण्याच्या थेंबांच्या रूपाने आतल्या बाजूस साचतो. हे पाणी इंधनात उतरते व टाकीस गंज चढवते. आज पेट्रोलात मिसळलेले इथेनॉलही पाणी शोषून घेणारे आहे. यासाठी गाडी उभी करण्यापूर्वी टाकी शक्य तितकी भरून ठेवावी. डिझेलच्या गाडीत व ट्रॅक्टरमध्ये पाणी वेगळे करणाऱ्या वाटीचा खालचा स्क्रू सैल करून साचलेले पाणी काढून टाकावे. फिल्टर बदलल्यास किंवा टाकी पूर्ण रिती झाल्यास नळीत हवा शिरते. ती हातपंपाने काढल्याखेरीज डिझेल इंजिन सुरू होत नाही.

वापरलेल्या वंगणात काजळी व आम्ल पदार्थ असतात. ते इंजिनात तसेच पडून राहिल्यास आतील गुळगुळीत भाग खातात. वंगण बदलण्याची वेळ जवळ आली असेल, तर गाडी उभी करण्यापूर्वीच ते बदलावे. नंतर बदलू असे म्हणू नये. वंगणाची पातळी सपाट जागी, इंजिन थंड असताना पट्टीने पाहावी. पट्टीवरील वंगण दुधाळ दिसले तर त्यात पाणी गेले आहे असे समजून इंजिन सुरू करू नये व मिस्त्रीस दाखवावे.

चैत्रात रेडिएटरकडे विशेष लक्ष द्यावे. मळणीच्या हंगामातील भुसा, काडीकचरा व धूळ रेडिएटरच्या जाळीत अडकून राहते. मग वैशाखातील नांगरटीत इंजिन तापते आणि दोष मात्र उन्हाला दिला जातो. जाळी हलक्या धारेने आतून बाहेर अशी धुवावी. बाहेरून जोराची धार मारल्यास कचरा अधिक आत बसतो. रेडिएटरमध्ये कठीण पाणी घातल्यास क्षारांचा थर धरतो. म्हणून गाडीच्या पुस्तकात सांगितलेले शीतक द्रव्य वापरावे. इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडू नये. उसळलेल्या पाण्याने तोंड व हात भाजतात.

उंदीर, कुंभारीण व साप

रब्बीचे धान्य घरात आले म्हणजे त्यामागे उंदीर येतात. न हलणाऱ्या गाडीचे बॉनेट ही त्यांना आयती, अंधारी व सुरक्षित जागा वाटते. ते तारांवरील आवरण कुरतडतात व हवेच्या फिल्टरमध्ये चिंध्या-काडीचे घर करतात. यासाठी गाडीजवळ धान्य, पेंड, भुईमुगाची पोती ठेवू नये व गाडीत खाण्याचा पदार्थ विसरू नये. शेड बंद असल्यास बॉनेट दिवसा उघडे ठेवावे. उजेडात उंदीर बिऱ्हाड करण्यास धजत नाहीत. दर दोन-तीन दिवसांनी आत डोकावून लेंड्या, कुरतडलेली तार किंवा काडीकचरा दिसतो का ते पाहावे.

उंदरांमागे साप येतो, हे शेतकऱ्यास सांगण्याची गरज नाही. म्हणून बहुत दिवसांनी बॉनेट उघडण्यापूर्वी त्यावर काठीने ठोकावे, थोडे थांबावे व मगच हात घालावा. सायलेन्सरच्या तोंडात कुंभारीण माशी मातीचे घर करते. ट्रॅक्टरच्या उभ्या सायलेन्सरमध्ये वळवाच्या पावसाचे पाणी थेट इंजिनाकडे उतरते. दोन्हींवर उपाय एकच : सायलेन्सरच्या तोंडावर रिकामा पत्र्याचा डबा उपडा घालावा. मात्र इंजिन सुरू करण्यापूर्वी तो काढण्यास विसरू नये. त्यासाठी डब्यास लाल चिंधी बांधून तिचे टोक चालकाच्या नजरेस पडेल असे ठेवावे.

साथीच्या काळातील स्वच्छता

सन २०२० मध्ये पुष्कळांनी गाडीच्या आत जंतुनाशके फवारली. त्यापैकी काहींनी गाडीचे नुकसानच झाले. ब्लिचिंग पावडरीच्या द्रावाने धातू गंजतो व कापडाचा रंग उडतो. मद्यार्कयुक्त द्रव हातांसाठी योग्य असला, तरी तो चटकन पेट घेणारा असल्याने तापलेल्या बंद गाडीत फवारणे धोक्याचे आहे. सुकाणूचे चाक, गिअरची मूठ, दाराच्या कड्या व किल्ली साबणाच्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने पुसाव्या, एवढे पुरेसे असते. साबण या विषाणूचे स्निग्ध आवरण मोडतो.

हा रोग वस्तूंना स्पर्श केल्याने क्वचित व श्वासावाटे हवेतून प्रामुख्याने पसरतो, हे पुढील अभ्यासाने स्पष्ट झाले आहे. तेव्हा गाडी पुसण्याहूनही तिच्या काचा उघड्या ठेवणे अधिक महत्त्वाचे. रुग्णास दवाखान्यात नेताना सर्व काचा खाली कराव्या, चालक व रुग्ण दोघांनीही नाकातोंडावर मुखपट्टी बांधावी, रुग्णास मागील बाजूस बसवावे व गरजेपेक्षा अधिक माणसे गाडीत घेऊ नयेत. हा नियम श्वासावाटे पसरणाऱ्या कोणत्याही रोगास लागू पडतो.

गाडी पुन्हा रस्त्यावर आणताना

बहुत दिवसांनी गाडी काढताना घाई करू नये. प्रथम गाडीखाली वाकून जमिनीवर तेलाचा किंवा पाण्याचा डाग आहे का ते पाहावे. नंतर सायलेन्सरचा डबा, चाकांचे ठोकळे व आच्छादन काढावे. वंगण, शीतक द्रव्य व ब्रेकचे तेल यांची पातळी पाहावी, टायरमधील हवा भरावी व त्यानंतर बॅटरी जोडावी. सुरुवातीचे बटण वा किल्ली एका वेळी दहा सेकंदांहून अधिक धरू नये. दोन प्रयत्नांच्या मध्ये थोडे थांबावे. इंजिन सुरू झाल्यावर लगेच जोराने ॲक्सिलरेटर दाबू नये, कारण वंगण सर्व भागांपर्यंत पोहोचण्यास काही क्षण लागतात.

गाडी हलताच पाच-दहा पावलांवर ब्रेक दाबून पाहावा. ब्रेकच्या चकत्यांवर चढलेल्या गंजामुळे प्रथम थोडा करकर आवाज येतो. तो काही वेळा ब्रेक लावल्यावर जातो. आवाज गेला नाही, गाडी एका बाजूस ओढली किंवा ब्रेकचे पायदान खाली खाली गेले, तर गाडी रस्त्यावर आणू नये. ब्रेकचे तेल हवेतील पाणी शोषते. म्हणून सर्वसाधारणपणे दर दोन वर्षांनी ते बदलावे.

गाडीची कागदपत्रेही तपासावी. सन २०२० मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने मुदत संपलेल्या वाहन-कागदपत्रांना सवलत दिली होती व ती वेळोवेळी वाढविली होती. ती सवलत आता राहिलेली नाही. विमा किंवा परवान्याची मुदत गाडी उभी असतानाही संपते, हे विसरू नये.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी काय करावे

कार्यकर्त्याने आपल्या गावातील ट्रॅक्टर, जीप व मालवाहू गाड्यांची यादी करावी. प्रत्येक वाडीत निकडीच्या वेळी उपयोगी पडणारी निदान एक गाडी चालू स्थितीत असावी, आणि ती कोणाची व चालक कोण हे वाडीतील प्रत्येक घरास ठाऊक असावे. बॅटरीचा चार्जर, व्होल्ट मोजण्याचे साधन व हवा भरण्याचा पंप प्रत्येकाने विकत घेण्याचे कारण नाही; चार-पाच घरांनी मिळून एकेक घेतला तरी काम भागते. चैत्राच्या आरंभी उघड्या जागी एक प्रात्यक्षिक ठेवावे. तारा सोडण्याचा व जोडण्याचा क्रम नुसता न सांगता शेतकऱ्यांच्या हातून करवून घ्यावा. घरातील स्त्रिया व मोठी मुले यांनाही त्यात सामील करून घ्यावे, कारण गाडीचा मालक घरी नसताना तिची गरज पडणार नाही असे नाही.

प्रत्येक गाडीत एक लहान वही असावी. तीत दर आठवड्यास तारीख, बॅटरीचे माप, चारी टायरमधील हवा व केलेले काम एवढेच लिहावे. सलग चार आठवड्यांच्या नोंदी शेजारी शेजारी पाहिल्या, म्हणजे कोणत्या टायरमधून हवा जाते व कोणती बॅटरी थकली हे मिस्त्रीवाचूनही कळते.

थोडक्यात वेळापत्रक

दर दोन-तीन दिवसांनी : बॉनेट ठोकून उघडावे, उंदरांचा माग पाहावा.

दर आठवड्यास : पानांचा कचरा काढावा, टायरची हवा पाहावी, गाडी हातभर हलवावी किंवा वीस-तीस मिनिटे चालवावी, वहीत नोंद करावी.

दर महिन्यास : बॅटरीचे माप घ्यावे व तिचे पाणी पाहावे, डिझेलच्या वाटीतील पाणी काढावे, तारा व रबरी नळ्या चाचपाव्या.

मृगापूर्वी : रेडिएटरची जाळी, काच पुसणारे रबर, दिवे, ब्रेक व टायरची नक्षी तपासावी.

बैल आजारी पडला तर तो वैरण सोडतो, मान टाकतो; घरच्या पोरालाही ते समजते. मोटार मात्र शेवटच्या क्षणापर्यंत काही सांगत नाही. म्हणून तिच्या धन्यानेच दर आठवड्यास तिच्याकडे जाऊन विचारपूस केली पाहिजे. जो हे करील, त्याची गाडी वेळेला उपयोगी पडेल. आणि वाडीला तिची गरज पडेल ती वेळ बहुधा रात्रीची असेल.